उसनी इस्त्री

कुमासीत हरमाटनचं वारं सुटलं
की आधी ओठ फुटतात, मग काचा मळतात.
माझं काम काचा धुण्याचं.
साबण, ॲसिटोन, मग स्पिरिट;
शेवटी तोंडाची वाफ सोडून बघायची,
डाग असेल तिथे वाफ अडखळते.

कोनादूबाई त्यावर थेंब टाकतात
हळदीच्या पाण्यासारखा पिवळा,
आणि पात्याने एकदाच ओढतात.
एकदाच. दुसऱ्यांदा हात लागला
की सगळं मुसळ केरात.
थर इतका पातळ, की दुधावरची साय
त्याच्यापुढे गोधडी.

मोठ्या देशांत हे निर्वात पेट्यांत करतात म्हणे;
एका पेटीच्या किमतीत
आमचा अख्खा मजला उभा राहील.
आमच्याकडे एक पातं, एक तापपट्टी
आणि बाईंचं मनगट.

त्या मंगळवारी थर ओढला
आणि वीज गेली.
इथे त्याला डमसोर म्हणतात :
मालव-पेटव, मालव-पेटव.
ओला थर थांबत नाही कुणासाठी.
शंभर अंशांवर दहा मिनिटं मिळाली नाहीत
तर पिवळाच राहतो, रुसल्यासारखा.

बाई जिना उतरून धावल्या
ते थेट फाटकाजवळच्या ट्वेनेबोआ शिंप्याकडे.
परतल्या त्याची कोळशाची इस्त्री घेऊन,
मागोमाग तो, हातात कुणाच्या तरी लग्नाची
अर्धी चुरगळलेली बाही.
व्हरांड्यात झाकण उघडलं,
निखाऱ्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा,
पाण्याचा थेंब नाचला, तशी काच ठेवली.
"शिसं आहे यात, लांब राहा."
शिंपी दोन पावलं मागे गेला,
मान तेवढी पुढेच.

मग कडेकडेने पिवळ्यात अंधार शिरला,
तपकिरी,
काळा,
आणि त्यात आमची तिघांची तोंडं दिसायला लागली.
"जळलं," शिंपी म्हणाला.
"पिकलं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, कार्बनची शाई वाळल्यावर,
दुपारच्या धुळकट उन्हात काटा हलला.
फार नाही.
एका कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं भोक होतं,
धुळीच्या कणाचं.
काच मीच धुतली होती.
बाई काही बोलल्या नाहीत.
वहीत, तापवण्याच्या साधनाच्या रकान्यावर
थोडा वेळ पेन धरून बसल्या
आणि लिहिलं : इस्त्री. शिंप्याची. उसनी.

इस्त्री परत द्यायला मी खाली गेलो.
"यावर माझं मशीन चालेल?"
"अजून नाही."
"बरं," तो म्हणाला, सुईत दोरा ओवत,
"मग कोळशाचे तेवढे द्या."