अठरा टक्के

दुपारी दोनला वीज जाते,
म्हणून स्लाइड मी आधीच खिडकीशी आणते,
आरसा फिरवून उजेड पकडते.
तेलाचा एक थेंब. खाली
त्रिवेणी दिघोरे, वय बारा, मुक्काम खैरबोडी:
काचेवर पसरून वाळवलेली, रंगवलेली.

शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या.
त्यात दोन पाकळ्यांच्या, मसुरीच्या डाळीगत
केशरी दाण्यांनी भरलेल्या
चार-पाच असाव्यात.
अठरा निघाल्या.
मी पुन्हा मोजलं. अठराच.

रोवण्याच्या दिवसांत ती आईमागे बांधीत उतरली होती,
परह्यांच्या पेंढ्या पोचवत, अनवाणी.
बोटांच्या बेचक्यात खाज सुटली.
चिखल्या होत, म्हणून आईनं हळद-तेल लावलं.
चिखल्या नव्हत्या त्या. दार होतं.
केसाहून बारीक अळी तिथून रक्तात शिरली,
हृदयातून फुप्फुसात गेली,
खोकल्यासोबत घशाशी आली
आणि थुंकीच्या एका घोटात गिळली गेली.
एवढा फेरा घालून पोटात पोचली
आणि आतड्याच्या भिंतीत तोंड रोवून बसली.
हाही रोवणाच.

जंतू असता, तर एखाद्या पेशीनं गिळला असता.
अळी गिळणार कोण? ती पेशीहून शेकडो पट मोठी.
मग घरात धामण शिरल्यावर मोहल्ला करतो
तेच सुरू होतं आत.
अस्तरात काही पेशी नुसत्या चव घेत बसलेल्या असतात,
त्यांना परकं लागतं, त्या हाक देतात.
कोणी डबा बडवतं,
कोणी बादल्या ओततं, भिंती बुळबुळीत करतं, पाय ठरू नये म्हणून.
आतडं स्वतःलाच पिळतं.
आणि केशरी दाणे घेऊन त्या येतात, अंगावर रिकाम्या होतात.
दोन-चार मडकी आपलीही फुटतात.
अळी काही थेंब सोडते, लाळेसारखे,
आणि हळूहळू आवाज कमी होतात.

मेलेली नसते ती. मोहल्ला दमलेला असतो.

हे सगळं मी देवांगनाबाईला
"अंगातले शिपाई" म्हणून सांगितलं होतं मागे.
आज ती तेच धरून बसली:
"इतके शिपाई होत तिच्या आंगात,
मंग हे पोरगी पिवळी काहून पडली जी म्याडम?"
रजिस्टरात हिमोग्लोबिन होतं, सात पूर्णांक चार.
मी म्हटलं, ते लढून नाही राहिले बाई,
ते धुऊन राहिले. धुणं काही संपत नाही.
शिपाई हा शब्द माझाच चुकला होता.

गोळी माझ्यासमोर चावली तिनं, तोंड वाकडं करून.
लोहाच्या गोळ्या पुडीत दिल्या.
तीन आठवड्यांनी पुन्हा काच: नऊ.
डॉक्टर म्हणाले, छान.
मीही छान लिहिलं.

गोवर एकदा येऊन गेला
की शरीर त्याचं तोंड विसरत नाही.
अळीचं तसं नाही. दरवर्षी नव्यानं ओळख,
दरवर्षी डबे, बादल्या.

जाताना त्रिवेणीला चपला दिल्या,
आशाताईंनी आणलेल्या, निळ्या, पट्ट्यावर फूल असलेल्या.
पायऱ्या उतरेपर्यंत घालून होती.
पुढे पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं.
तिथं ती थांबली, वाकली,
चपला काढून फ्रॉकला पुसल्या,
छातीशी धरल्या
आणि चिखलात उतरली.

नव्या होत्या ना.