किती सूत

अब्बांचा डावा कान माझगाव डॉकने ठेवून घेतला,
बदल्यात पेन्शन दिली.
उजव्यानेही ते हल्ली निवडकच ऐकतात:
बाजारभाव, अजान आणि माझी चूक.

आज मी त्यांना सांगत होते
दोन कृष्णविवरांची गोष्ट.
एकमेकांभोवती फिरत फिरत ती एक झाली
तेव्हा आपल्या समुद्रात मासासुद्धा नव्हता.
उजेड नाही, धूर नाही.
फक्त अवकाश हललं,
आणि ते हलणं निघालं
कशानेही न अडता.

“मग कळलं कसं?”

डॉकयार्ड रोडपासून शिवडीपर्यंत लांब
अशा दोन पोकळ नळ्या, काटकोनात.
आत लेझर, टोकाला आरसे.
लाट आली तेव्हा
एक नळी लांबली, दुसरी आखडली.

“किती सूत?”

मी हसले. मग वाटलं,
चाळीस वर्षं ज्याने सुतासुतावरून
फोरमनशी हुज्जत घातली
त्याने दुसरं काय विचारायचं?
सुताचे भाग करा, अब्बा. करत राहा.
अणू लागेल, अणूचा गाभा लागेल,
गाभ्यातला एक कण लागेल.
त्या कणाचा हजारावा भाग.

बराच वेळ गप्प. मग,
“बाहेरनं ट्रक गेला असेल.”

तीच तर भीती.
म्हणून तीन हजार किलोमीटरवर
आणखी एक तस्साच सांगाडा.
दोघांनी एकच शहारा सांगितला, तर खरं.
“साक्षीदार दोन,” म्हणाले. पटलं.

फोनवर आवाज लावला. सेकंदाचा पाचवा हिस्सा.
त्यांना आला नाही.
पुन्हा लावला. नाही.
मग पाचाचं नाणं काढून
पत्र्याच्या टेबलावर फिरवलं:
आधी डौलात, मग कलत,
मग खालच्या खाली घाईघाईने तर्रर्र
आणि गप्प.

अब्बांचा तळवा टेबलावरच होता.
“हां. हे ठाऊक आहे.”
जहाजाच्या पोटात, काळोखात,
एका हाताने हातोडीची टिचकी,
दुसरा हात पत्र्यावर.
भेग दिसत नसते, म्हणाले, हाताला लागते.

सोन्याचंही सांगितलं:
विझलेल्या ताऱ्यांच्या टकरीत घडतं,
एका लाटेनेच पत्ता दिला.
“तरीच एवढं महाग.”
गहाण पडलेल्या बांगड्यांबद्दल
दोघेही बोललो नाही.

रात्री जाग आली.
स्वयंपाकघरात दिवा नव्हता.
तर्रर्र,
गप्प.
बराच वेळ काहीच नाही.
मग पुन्हा.