नाव काढणे

शाळेत धारप बाई म्हणायच्या,
पोरी, तू नाव काढशील.
काढते ना, बाई.
रोज चाळीस-पन्नास काढते.
मस्कतमध्ये, रुवीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे एसी सर्व्हरसाठी असतो
आणि मी मे महिन्यात स्वेटर घालून बसते.

नमुना आला की आधी नाव पुसायचं.
मग पासपोर्टचा आकडा, कंपनी, गाव.
उरतो तो चारशे सतरा.
आणि त्याच्या रक्तातला विषाणू,
साडेनऊ हजारांवर अक्षरं,
ए, सी, जी, टी, चारच,
ना काना, ना वेलांटी,
श्वास घ्यायला कुठे पूर्णविराम नाही.
मशीनला जे लागलं नाही तिथे एन.
एन म्हणजे इथे काहीतरी आहे, वाचता आलं नाही.
घरी फोनवर बोलताना मीही
बरेच एन सोडते.

बाकी दिवसभर फायलींची भांडणं.
एकच नमुना दोनदा.
कुणी तारीख उलटी लिहिली,
मार्चचा माणूस डिसेंबरात जाऊन बसला.
फायनल, फायनल-दोन, आता-खरंच-फायनल.

संध्याकाळी डॉक्टर थुरैया झाड काढतात.
चारशे सतरा आणि तीनशे ब्याण्णव
एकाच डहाळीला, सख्खे भाऊ असावेत तसे.
कुणाकडून कुणाला, ते झाड सांगत नाही.
बरंय, त्या म्हणतात,
आणि पडद्यावरचा चष्म्याचा डाग पुसतात.

सहा महिन्यांनी दुसरा नमुना यायचा होता.
चारशे सतराचा आला नाही.
शेवटच्या रकान्यात चार पर्याय:
उपचार चालू. मृत. संपर्क तुटला. देश सोडला.
'पाठवला' असा पर्याय नाही.
मी 'देश सोडला' निवडलं.
रकाना हिरवा झाला.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच फायलीत नाही.
पुसायचं तर आधी वाचावं लागतं.
मी वाचलं होतं.
त्याचं गाव आमच्या अलीकडे, एसटीचे दोन थांबे.
आडनावावरून आळीसुद्धा कळली.
तिथे आता
त्याचं कुणी नाव काढत नसेल.

रात्री बॅकअप चालतो.
एक प्रत इथे, एक सलालाला, एक कुठे ते मलाही ठाऊक नाही.
एकही अक्षर हरवत नाही.

जुलैत रजा आहे.
एसटी त्या थांब्यावर थांबेल,
कंडक्टर दोनदा घंटी मारेल.
तोवर खिडकीतून बाहेर बघायचं की नाही,
अजून ठरलेलं नाही.