मागचं चाक

मला बोलावलं होतं ते फक्त उजेड धरायला.
एप्रिल संपत आलेला, तरी काप-शाच्या किनाऱ्याला
बर्फाचे तुकडे अजून एकमेकांना घासत होते.
नदी तिथे इतकी रुंद, की सगळे तिला समुद्रच म्हणतात.
प्लासीदमामाच्या गॅरेजात
खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या उतरंडीपुढे
जॅकवर अधांतरी त्याची तीनचाकी:
पुढे दोन चाकं, मागे एकच.

"ही पुढची दोघं बघ," मामा म्हणाला,
"अजून कोरी करकरीत.
वळायचं आणि मिरवायचं काम त्यांचं.
ढकलतं ते हे एकटं."
टायरवरून त्याने अंगठा फिरवला.
कडेची नक्षी शाबूत,
मधोमध मात्र सपाट, जुन्या उंबऱ्यासारखं,
आणि एका जागी रबराखालून
दोरा डोकावत होता.

नोव्हेंबरात त्याच्या डाव्या डोळ्यावर पडदा उतरला.
मार्चमध्ये सरकारने लायसन परत मागवलं.
मग टायर कुणासाठी?
मी विचारलं नाही. उजेड धरला.

कॉटर पिन गंजून नटाच्याच घरची झाली होती.
लांब पान्याला पाइप जोडून मामा लोंबकळला,
आणि चर्चमधलं एकेक पवित्र भांडं
त्याच्या तोंडून शिवी होऊन पडलं.
(आमच्याकडे शिव्याही देवाघरच्याच.)
तिसऱ्या भांड्याला नट सुटला.

"आटे मोज," तो म्हणाला. "मोठ्याने."
डावीकडे अडीच, उजवीकडे अडीच.
खडूने भिंतीवर लिहून ठेवले,
जिथे आधीच्या चार टायरांच्या तारखा होत्या
आणि का कोण जाणे, एका कुत्र्याचं नाव.
पट्टा केसभर तिरका बसला
तर वाटभर कुरकुरतो, म्हणाला,
आणि कुरकुर कुठून येते ते शेवटपर्यंत कळत नाही.

नवा टायर: अंगभर रबराची लव,
वास असा की डोळ्यांत पाणी यावं.
रिमला भांड्यांचा साबण चोपडला,
लाल ठिपका व्हॉल्व्हच्या समोर आणला.
हवा भरताना टायर दोनदा बंदुकीसारखा वाजला.
मी दचकलो. मामा हसला.
अठ्ठावीसवर काटा थांबला.

तेवढ्यात साबण परत मागायला झेलीमामी आली.
अंगात मामाचं जॅकेट, बाह्या दोनदा दुमडलेल्या,
काखेत हेल्मेट.
सदुसष्टाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला पास झालेली.
"एकतीस वर्षं," ती मला म्हणाली,
"मी याच्या हेल्मेटची मागची बाजू बघितली.
तिथे एका माशाचं स्टिकर आहे.
समुद्र मला आठवत नाही. तो मासा पाठ आहे."

शेवटचा नट आवळायचा होता.
टॉर्कचा पाना मामाच्या हातात थरथरला.
तिने तो घेतला, जसा आपण कुणाच्या हातातून
गरम कप घेतो, न बोलता.
कट्.
"अजून," तो म्हणाला.
"कट् झालं म्हणजे झालं."

संसाराला चाकं दोन, असं म्हणतात.
म्हणोत. त्यांनी ही गाडी जॅकवर चढवलेली नाही.

"पहिले दोनशे किलोमीटर सावकाश. नवं रबर निसरडं असतं."
"माहीत आहे."
"पवनचक्क्यांच्या वळणावर—"
"प्लासीद. बस."

तो बसला. मागे.
हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.
आधी स्वतःच्या गुडघ्यांवर, मग सीटच्या कडेला,
शेवटी तिच्या, म्हणजे त्याच्याच, जॅकेटच्या खिशांत.
मागच्या चाकाला काही फरक पडला नाही.
वजन तेच. दोघांचंच.

गल्लीच्या तोंडाशी ती वळली, जरा जास्तच रुंद,
आणि मला लांबून दिसलं:
त्याचा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत होता.