धुराचा रकाना

सिलिंडर आला तेव्हा पुनाबाई मडावीच्या दारात
मीच त्याला कुंकू लावलं होतं.
फॉरेस्टच्या गार्डानं फोटो काढला.
बफरमधली झाडं वाचतील, म्हणाला,
सरपणाला गेलेली बाई संध्याकाळी घरी येईल,
आणि छातीही मोकळी होईल तिची.
खोटं नव्हतं.
त्या हिवाळ्यात पुनाबाईचा खोकला तुटला,
तीस वर्षांचा.
पहाटे तिच्या घरावरून जाताना
मी थबकायची,
काहीतरी ऐकू येत नाहीये म्हणून.

आधी वासे बोलू लागले.
काळ्या, धुरकट बांबूला कधी घुण शिवला नव्हता.
आता रात्रभर करकर,
सकाळी भाताच्या गंजात पिवळी भुकटी.
माचावर टांगलेलं मक्याचं बियाणं
हातात घेतलं तर पीठ.
आम्ही हसलो. घर म्हातारं झालं, म्हणालो.

मग धानाच्या बांधीतून डास आले.
आधीही यायचे, पण दारापर्यंत,
तिथं धूर बसलेला असायचा
खाटेवरच्या सासऱ्यासारखा.

भादव्यात सत्तावीस स्लाइडी.
अनामिकेला सुई, काचेवर थेंब,
गाव खैरबोडी.
पुनाबाईचा नातू अतीश, वय चार,
दुसऱ्या खेपेला त्यानं स्वतःच बोट पुढं केलं.
रडला असता तर बरं वाटलं असतं.

तालुक्याच्या फॉर्मात कारणाचे रकाने आहेत:
डबकं, टाकी, टायर, कूलर.
कूलर, खैरबोडीत!
मी बराच वेळ पेन धरून बसले,
मग टायरवर खूण केली.
शाळेमागं एक आहे, सायकलचा,
पोरं त्याला काडीनं पळवतात,
पाणी साचायला तो थांबतो कुठं.

काल दिवेलागणीला पुनाबाईनं
फुटक्या गाडग्यात गोवरी पेटवली,
वर कडुनिंबाचा ओला पाला,
आणि गाडगं ठेवलं शेगडीला लागूनच.
मी काही म्हणायच्या आत म्हणाली,
"मले खोकला चालते, बाई.
पोट्ट्याले ताप नाई चालत."

धूर वर गेला, वाशांमधून फिरला
जुन्या ओळखीच्या माणसासारखा.
पुनाबाईला पहिला ठसका लागला.

माझ्या पिशवीत पत्रकं होती,
निळी ज्योत, हसणारी बाई.
तीच वाटायला मी आले होते.
अतीशच्या कपाळाला हात लावून पाहिला
आणि दार लोटून घेतलं,
धूर बाहेर जाऊ नये म्हणून.