संकीर्ण जमा

बोरखडीत मी दोन कामं करतो.
सकाळी व्हॉल्व्ह सोडतो, दुपारी वसुलीला फिरतो.
लोक मला सकाळपुरतंच ओळखतात.

मार्चात अपिओ आली, संभाजीनगरच्या विद्यापीठातून.
गाव तिचं युगांडात, लिरा म्हणून.
अपिओ म्हणजे जुळ्यांतली आधी आलेली.
भागूबाई म्हणाली, "मंग दुसरी कुठं हाय?"
दुसरी तिकडं नर्स,
पगार दोन महिने थकलेला.

तिनं वहीत शिडी काढली, पाच पायऱ्यांची,
एक नंबर सगळ्यात खाली, ते गाव.
मी शेजारी आपली काढली:
ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी.
"आमच्या कमी हायेत," म्हणालो,
"पण गुडघे तेवढेच दुखतात."

पैसा दोन्हीकडं वरूनच उतरतो,
उतरताना गळ्यात चिठ्ठी बांधून येतो:
हा नळाचा, हा नालीचा, ह्याला हात लावू नका.
आपण त्याला बंधित म्हणतो.
तिच्याकडं काय म्हणतात ते तिनं सांगितलं,
मला काही उच्चारता आलं नाही,
पण सांगताना तोंड झालं तिचं
अगदी आमच्या ग्रामसेवकासारखं.

पूर्वी त्यांच्यात माणशी कर होता.
वसुलीवाला दिसला की बापे रानात दडायचे.
तिचा आजा एकदा दिवसभर ज्वारीत बसला.
"ज्वारीत?"
"ज्वारीत."
मग सरकारनं करच उठवला.
माणसं अंग झटकून घरी आली
आणि गावाच्या पेटीत नुसती पेटी राहिली.

मी हसलो नाही.
मपला अर्धा पगार घरपट्टीतून निघतो.
मला बघून ज्वारीत कुणी बसत नाही,
पोरगं दारात येतं, "बाबा घरी नाहीत."
आतून बाबा खोकतात.

आठ दिवस शाळेच्या खोलीत राहिली.
निघताना म्हणाली, पाणी वापरलं, पट्टी घ्या.
दर वर्षाचा असतो, नळाचा असतो,
पाहुण्याचा दर कुठल्याच ठरावात नाही.
निलावतीबाई, आमच्या सरपंच, म्हणाल्या, "घेऊ नको रे."
मी घेतली.
वीस रुपये, पावती एकशे सतरा, संकीर्ण जमा.
त्या वर्षी न मागता आलेली तेवढीच.

ऑडिटात मुद्दा निघाला:
सदर व्यक्तीचा मिळकत क्रमांक नमूद नाही,
खुलासा सादर करावा.

कागद टेबलावर आहे.
उडू नये म्हणून
वर व्हॉल्व्हची चावी ठेवलीय.