अडीच बोटं

डाव्या चाकाखाली आधी बशी झाली.
मग बशीची वाटी.
श्रावणात तिच्यात पाणी साचलं
आणि शेजारच्या मांजराने ते
स्वतःच्या नावावर करून घेतलं.

मी लाकडी पट्टी आडवी टाकली,
खाली बोटं घालून मोजलं. अडीच.
बत्तीस वर्षं पालशेतच्या पोस्टात
पाकिटं ग्रॅमवर तोलली आहेत मी,
माप चुकणार नाही.

विश्राम पागडे आले, बाइकवरून उतरले नाहीत.
म्हणाले, “बसलंय मॅडम. नवीन काम बसतंच.
एक पाऊस खाऊ द्या त्याला.”
मी म्हटलं, “हे बसणं नव्हे, खचणं.”
ते म्हणाले, “तेच ते.”

तेच ते कसं?
बसते ती साडीची घडी.
बसतो तो घसा, भजनाच्या दुसऱ्या दिवशी.
धंद्यात जम बसतो, कुणावर जीव बसतो,
गणपती बसतात आणि पाचव्या दिवशी उठतात.
खचलेलं उठत नाही.
आणि माझ्या ग्रॅच्युइटीतले ब्याऐंशी हजार
यातल्या कुठल्या क्रियापदात घालायचे?

इथे आधी खळं होतं.
पाऊस गेला की चोपायचं, सारवायचं,
पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.
कंबरडं मोडलं माझं त्यात,
म्हणून हे ब्लॉक, राखाडी नि तांबडे, डमरूच्या आकाराचे,
एकदा घातले की बघायला नको म्हणे.
गाडीही तेव्हाच घेतली, सेकंडहँड,
एकोणसाठाव्या वर्षी क्लच शिकले.
गेट ते पडवी, अकरा मीटर,
एवढाच माझा हमरस्ता.

काम चालू असताना शांतव्वा म्हणाली होती,
घमेलं डोक्यावर तसंच ठेवून,
“अक्का, माती पोकळ आहे अजून.
मशीन दुपारीच परत गेलं.”
मी तिला चहा दिला.
चहा दिला की ऐकल्यासारखं होतं.
मला पाडव्याला गाडी आत हवी होती.
मीच पागड्यांच्या मागे लागले होते, रोज दोन फोन.
हे ते विसरलेत
आणि मी आठवण करून देणार नाही.

दसऱ्यानंतर शांतव्वा शृंगारतळीच्या नाक्यावर दिसली.
गाडी थांबवली, बंदच पडली खरं तर.
रविवारी आम्ही दोघींनी काढायला घेतलं.
मी प्रत्येक ब्लॉकवर खडूने आकडा घातला,
एक ते एकशे सात.
तिला हसू आवरेना. “ह्यांना पत्ता कशाला?”

पहिला निघायला तास लागला, मग भराभर.
खाली कच नव्हतीच, खाडीची वाळू.
तिच्यात नखाएवढे शिंपले,
एक अख्खा, दोन्ही झाकणं मिटलेला.
वाळूखाली भराव,
त्यात माझा हात कोपरापर्यंत गेला.
पागड्यांना शिव्या द्यायला तोंड उघडलं
आणि पाडवा आठवला.

माळ्यावरून चोपणं काढलं.
दांड्यावर माझ्या हाताची जागा अजून गुळगुळीत.
पाणी, खडी, चोप. पुन्हा पाणी.
शांतव्वा धुमसाने, विजापूरकडचं काहीतरी गुणगुणत,
मी चोपण्याने, मुकाट.
तीन दिवस.
कंबर तीच, जुनी.

मग एकेक आपापल्या पत्त्यावर पोचवला
आणि शेवटी एक उरला.
त्याच्यावर आकडा नाही.
दोनदा मोजले, जागा कुठेच रिकामी नाही.
पोस्टात असल्या टपालाला वेगळा कप्पा असे.
इथे मी तो मागच्या चाकाला लावते,
उतार नाहीये तसा, तरी.

रोज सकाळी, चहाआधी, पट्टी टाकते.
बोट जात नाही.
नख जातं.